यीस्ट आरएनए सब्स्ट्रेट म्हणून: तुमचं रीडिंग नक्की काय मोजतंय?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मातीतल्या बुरशीच्या कल्चरमधून तुम्ही एक रायबोन्युक्लिएज (आरएनए कापणारं एन्झाइम) अर्धंमुर्धं शुद्ध केलंय. सब्स्ट्रेट म्हणून, म्हणजे एन्झाइमने ज्यावर काम करायचं तो पदार्थ म्हणून, बाटलीतलं यीस्ट आरएनए घेताय, ४ मिलिग्रॅम प्रति मिली. बफरमध्ये २ मिलिमोलर मॅग्नेशियम, ३७ अंशांवर ३० मिनिटं. मग तेवढंच थंड परक्लोरिक आम्ल घालून सेंट्रिफ्यूज (लांब आरएनए गाळ होऊन खाली बसतं, बारीक तुकडे वर राहतात), वरचं द्रव दहापट पातळ करून २६० नॅनोमीटरला शोषणाचं रीडिंग. ब्लँक (एन्झाइम न घातलेली ट्यूब) ०.५५ येतो, सँपल ०.८०. नवी बाटली फोडल्यावर सगळे आकडे बदलले. आरएनए वाढवलं की वेग वाढायच्या ऐवजी घसरतो. एन्झाइम उकळून केलेल्या कंट्रोलमध्येही ॲक्टिव्हिटी दिसते. आणि गाइड म्हणतायत की यीस्ट आरएनए फेकून द्या, शुद्ध सब्स्ट्रेट मागवा, नाहीतर मायकेलिस स्थिरांक (ज्या सब्स्ट्रेट-प्रमाणाला एन्झाइमचा वेग कमाल वेगाच्या निम्मा असतो ते प्रमाण) काढताच येणार नाही.

गाइडचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. शेवटच्या वाक्यापुरतं. बाकी तुमच्या चारही तक्रारी यीस्ट आरएनए वापरूनच सुटतील असं मला वाटतं, कारण त्या सब्स्ट्रेट ‘अशुद्ध’ असल्यामुळे आलेल्या नाहीत. ते काय आहे हे न बघता ते एकच रसायन असल्यासारखं वापरल्यामुळे आल्यात. मी पहिली दोन वर्षं हेच केलं होतं, त्यामुळे हे टोमणा म्हणून घेऊ नका.

बाटलीवर ‘आरएनए, यीस्टपासून’ एवढंच लिहिलेलं असतं, पण आत एक रेणू नसतो. यीस्टच्या पेशीतला बहुतेक आरएनए रायबोसोमचा, त्याखालोखाल ट्रान्स्फर आरएनए. स्वस्त प्रतीचा माल काढताना पेशी गरम मिठाच्या किंवा अल्कलीच्या द्रावणातून जातात, त्यात लांब साखळ्या तुटतात. आगरोजच्या जेलवर लावून बघा. नीट जपून काढलेल्या यीस्टच्या एकूण आरएनएत २५एस आणि १८एस असे रायबोसोमच्या आरएनएचे दोन ठसठशीत पट्टे दिसतात. बाटलीतल्या पावडरचा बहुधा वरून खाली पसरलेला एक धूसर पट्टा दिसतो, खालच्या बाजूला जास्त गडद. त्यात थोडं प्रथिन, थोडं मीठ आणि आधीच सुटलेले मोनोन्यूक्लिओटाइड (आरएनएच्या साखळीचे सुटे दुवे). काही बाटल्यांत तर बेकरीचं यीस्टही नसतं, टोरुला यीस्ट असतं. या ढिगातून एक रेणू वेगळा काढणं काय असतं ते रॉबर्ट हॉली यांच्या कामावरून कळतं. १४० किलो यीस्टमधून त्यांच्या गटाने सुमारे १ ग्रॅम शुद्ध ॲलनिन ट्रान्स्फर आरएनए मिळवला आणि १९६५ मध्ये त्याचा ७७ न्यूक्लिओटाइडांचा क्रम जाहीर केला. तो क्रम लावताना साखळी कापायला त्यांनी स्वादुपिंडातलं रायबोन्युक्लिएज आणि बुरशीतलं टी१ रायबोन्युक्लिएज हीच हत्यारं वापरली होती.

आता तुमचा ब्लँक. ही आकडेमोड एकदा कागदावर करा, कारण माझ्या मते निम्मं उत्तर इथेच आहे. १ मिलिग्रॅम प्रति मिली आरएनएचं २६० ला शोषण साधारण २५ (१ एकक म्हणजे ४० मायक्रोग्रॅम प्रति मिली, हाच नेहमीचा हिशेब उलटा). तुमची रिॲक्शन ४ मिलिग्रॅमची. तेवढंच आम्ल घातल्यावर २. दहापट पातळ केल्यावर ०.२. म्हणजे सगळंच्या सगळं आरएनए विरघळलेलं राहिलं असतं तर रीडिंग ५ च्या आसपास आलं असतं. तुमचा ब्लँक ०.५५ आहे. म्हणजे एन्झाइमचा थेंबही न घालता ढोबळ ११ टक्के माल आम्लात विरघळतोय. एन्झाइमने त्यात भर घातली ०.२५ ची, म्हणजे ५ टक्क्यांची. (तुकडे झालेलं आरएनए थोडं जास्त शोषतं, त्यामुळे खरे टक्के किंचित कमी, पण गुणोत्तर तेच.) ज्या गोष्टीला तुम्ही सिग्नल म्हणताय ती पार्श्वभूमीच्या निम्म्याहूनही कमी आहे. पिपेटिंगमधली २–३ टक्क्यांची चूक त्या मोठ्या ब्लँकवर बसते आणि सगळी तुमच्या छोट्या फरकात उतरते. नवी बाटली आली, तिच्यात तुकडे जास्त निघाले, ब्लँक ०.५५ चा ०.७ झाला, की आकडे नाचणारच.

उपाय साधा आहे. आरएनए वापरण्याआधी धुवून घ्या. विरघळवलेल्या आरएनएत ०.३ मोलर होईल इतकं सोडियम ॲसिटेट (पीएच ५.२), अडीचपट थंड इथेनॉल, फ्रीझरमध्ये ठेवून सेंट्रिफ्यूज. गाळ ७० टक्के इथेनॉलने धुऊन परत विरघळवा आणि हेच पुन्हा एकदा. दोन फेऱ्यांत बारीक तुकड्यांचा मोठा भाग वरच्या द्रवाबरोबर जातो. जास्त प्रमाणात करायचं असेल तर डायलिसिस बरं: आधी थोडं मीठ आणि ईडीटीए (धातूंचे आयन पकडून ठेवणारं रसायन) असलेल्या पाण्यात, मग नुसत्या पाण्यात, थंड खोलीत. प्रथिन जास्त वाटलं, म्हणजे २६०/२८० चं गुणोत्तर २ पासून बरंच खाली आलं, तर आधी फिनॉल-क्लोरोफॉर्म. धुतल्यावर जेल आणि ब्लँक दोन्ही परत बघा. माझ्याकडे ब्लँक ३ टक्क्यांवर आला की मी थांबते, त्याखाली नेण्यात वेळ घालवत नाही.

विरघळवण्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण प्रोटोकॉलमध्ये ती एका ओळीत उरकलेली असते. बाटलीवर सोडियम सॉल्ट लिहिलंय की नुसतं ‘रायबोन्यूक्लिक ॲसिड’, ते बघा. दुसरं असेल तर ते पाण्यात नीट विरघळत नाही. दुधी, पिठूळ, तळाशी चिकट गोळे. पीएच घ्या, चांगलाच आम्ल निघेल. बीकर बर्फात ठेवा, चुंबक फिरत ठेवा, पातळ सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने सोडा. ६ च्या पुढे गेलात की एकाएकी द्रावण स्वच्छ होतं, फिकट पिवळसर. ७ ला थांबा. मी एकदा घाईत दाट अल्कली एका दमात ओतली होती. शेवटचा पीएच अगदी बरोबर ७ आला, द्रावणही देखणं झालं, आणि त्या बॅचचा ब्लँक इतका चढला की सिग्नलच दिसेना. अल्कली जिथे पडली तिथे ती ढवळून पसरायच्या आत तिने आरएनए कापून टाकलं होतं. डीएनएला हे चालतं. आरएनएच्या साखरेवरचा दुसऱ्या क्रमांकाचा हायड्रॉक्सिल गट शेजारच्या फॉस्फेटवर तुटून पडतो आणि साखळी तुटते. गंमत म्हणजे तुमचं एन्झाइमही बहुधा हेच करतं, फक्त नेमकेपणाने.

हाच पीएच तुमच्या तिसऱ्या तक्रारीतही असू शकतो. आरएनए वाढवलं की वेग घसरतो, म्हणून तुम्ही ‘सब्स्ट्रेट इनहिबिशन’ (सब्स्ट्रेटच जास्त झाल्याने एन्झाइम अडणं) असं लिहून मोकळे झालात. थांबा. स्टॉक नीट उदासीन केलेला नसेल तर जास्त आरएनए म्हणजे जास्त आम्ल, आणि बफर पातळ असेल तर रिॲक्शनचा पीएचच सरकतो. इलेक्ट्रोड बुडवून सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आरएनएच्या ट्यूबचा पीएच बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

तिथे काही सापडलं नाही तर मॅग्नेशियम. एका न्यूक्लिओटाइडमागे सुमारे ३३० डाल्टन धरले तर १ मिलिग्रॅम प्रति मिली आरएनए म्हणजे ३ मिलिमोलर फॉस्फेट. तुमच्या ४ मिलिग्रॅममध्ये १२ मिलिमोलर ऋणभार आहे आणि मॅग्नेशियम फक्त २. त्यातलं बरंचसं आरएनएलाच चिकटणार. एन्झाइमला मॅग्नेशियम लागत असेल तर आरएनए वाढवत जाताना तुम्ही नकळत त्याच्या तोंडचा घास काढून घेताय. पण मुळात ते लागतं का? बुरशीतली ओळखीची रायबोन्युक्लिएज, म्हणजे टी१ आणि टी२, धातूशिवाय चालतात. ही दोन्ही १९५७ मध्ये सातो आणि एगामी यांनी ॲस्परजिलस ओरायझीपासून बनणाऱ्या टाका-डायस्टेजमधून वेगळी केली होती. बैलाच्या स्वादुपिंडातलं रायबोन्युक्लिएज ए सुद्धा धातूशिवाय चालतं. तुमचं एन्झाइम या घराण्यातलं असेल तर मॅग्नेशियम घालण्याचं कारणच नाही. उलट ते ट्रान्स्फर आरएनएची घडी घट्ट करतं आणि कापणं अवघड होतं.

म्हणून सगळ्यात आधी ईडीटीएची चाचणी करा. मॅग्नेशियम काढा, ५ मिलिमोलर ईडीटीए घाला. ॲक्टिव्हिटी टिकली तर टी१, टी२ कडे बघा. गेली तर पी१ किंवा एस१ सारखं न्युक्लिएज असण्याची शक्यता. त्यांना जस्त लागतं. मग उष्णतेने विलग केलेल्या डीएनएवरही ते चालतं का बघा, कारण पी१ आणि एस१ एकेरी डीएनएही कापतात आणि मागे ५' फॉस्फेट ठेवतात, तर टी१, टी२ मागे ३' फॉस्फेट उरतो. हे एकदा कळलं की पुढचं अर्धं काम ठरतं. यावर मी एवढं बोलतेय कारण लोक महिनोन्महिने कायनेटिक्स (वेगाची मोजमापं) करतात आणि ही एका दुपारची चाचणी राहून जाते.

उकळलेल्या कंट्रोलचं उत्तर सोपं आहे, आणि तुमचा त्यात दोष नाही. प्रथिन उकळलं की मरतं हे आपण शाळेपासून ऐकतो. रायबोन्युक्लिएज ए १२४ अमिनो आम्लांचं, चार डायसल्फाइड पूल असलेलं इवलंसं प्रथिन आहे. उकळल्यावर उलगडतं आणि थंड झालं की परत घडी घालून कामाला लागतं. टी१ ही तसंच चिवट. तेव्हा या घराण्यात उकळणं हा कंट्रोल नव्हे. दोन ब्लँक ठेवा. एक, एन्झाइमशिवाय पूर्ण ३० मिनिटं ठेवलेला, म्हणजे आरएनए आपोआप किती तुटतं ते कळेल. दुसरा, आधी आम्ल आणि मग एन्झाइम घातलेला, म्हणजे तुमच्या एन्झाइमच्या नमुन्यातच २६० ला शोषणारं काय आहे ते कळेल. अर्धशुद्ध बुरशीच्या नमुन्यात ते भरपूर असतं. बाजारातला प्रथिनरूपी रायबोन्युक्लिएज इनहिबिटर घालून बघायचा मोह होईल, पण तो ए च्या घराण्यालाच बांधतो, टी१ ला नाही. त्याने ॲक्टिव्हिटी थांबली नाही तर घाबरू नका. थांबली तर मात्र घाबरा, कारण ती बहुधा तुमच्या हातावरून किंवा शेजारच्या टेबलावरच्या प्लाझ्मिडच्या (जिवाणूंतल्या गोल डीएनएच्या) कामातून, जिथे ए सर्रास वापरतात, आलेली आहे.

यावरून आठवलं. बाकीच्या लॅब रायबोन्युक्लिएजला घाबरतात, आपण ते बनवतो. त्यामुळे आपल्याच पिपेटमधून ते आपल्याच सब्स्ट्रेटमध्ये पडतं. आरएनएची पिपेट, टिप्स, पाणी वेगळं ठेवा. स्टॉक छोट्या ट्यूबमध्ये वाटून उणे २० ला, एकदा उघडलेली ट्यूब परत गोठवायची नाही. पाण्याला डीईपीसी, म्हणजे रायबोन्युक्लिएज निकामी करणारं रसायन, लावत असाल (०.१ टक्का, रात्रभर, मग ऑटोक्लेव्ह) तर ऑटोक्लेव्ह खरोखर पूर्ण करा. उरलेलं डीईपीसी हिस्टिडिनवर बसतं आणि ए च्या सक्रिय जागी नेमके दोन हिस्टिडिन आहेत, १२ आणि ११९ क्रमांकांचे. ट्रिस बफरला डीईपीसी लावू नका, ते ट्रिसशीच रिॲक्ट होऊन संपतं. आणि मेस बफर वापरत असाल तर सावध. त्या जातीच्या बफरांत विनाइल सल्फोनेटच्या साखळ्यांची अशुद्धी सापडलेली आहे आणि ती रायबोन्युक्लिएज ए ला जोरदार अडवते. मिठाचं प्रमाण कमी असेल तर जास्तच.

आता वेळेचा प्रश्न, जो तुम्ही विचारलेला नाही पण मी विचारणार. ३० मिनिटंच का? १०० न्यूक्लिओटाइडांची एक साखळी मनात आणा. एन्झाइमने ती मधोमध कापली. काम झालं, बंध तुटला. पण ५०–५० चे दोन्ही तुकडे आम्लात गाळ होऊन खालीच बसतात आणि तुमच्या रीडिंगमध्ये शून्य. ढोबळमानाने १५–२० न्यूक्लिओटाइडांच्या खालचे तुकडेच वर राहतात. म्हणजे ही पद्धत तुटलेले बंध मोजत नाही, वर राहण्याइतके बारीक झालेले तुकडे मोजते. सुरुवातीला रीडिंग रेंगाळतं, मग चढतं, मग सपाट होतं. मधला सरळ भाग शोधायचा असतो. ५, १०, १५, २०, ३० मिनिटं आणि एन्झाइमची तीन प्रमाणं, एवढं एकदा केलंत की तो सापडेल. बाटलीतला माल आधीच तुकड्या-तुकड्यांचा असल्याने हे रेंगाळणं थोडं झाकलं जातं, आणि दोन बाटल्यांचे आकडे जुळत नाहीत त्याचं हे दुसरं कारण. कुठल्या आम्लाने गाळ केला त्यावरही सीमारेषा हलते. परक्लोरिकमध्ये युरेनिल ॲसिटेट घातलं तर जास्त बारीक तुकडेही खाली बसतात आणि ब्लँक छान उतरतो. जुन्या पेपरांत ते सर्रास दिसतं. मी ते सोडलं, कारण युरेनियमचा कचरा टाकायचा कुठे हा प्रश्न प्रयोगापेक्षा मोठा होतो. लँथॅनम नायट्रेटने जवळपास तेच काम होतं.

गाळाची भानगडच नको असेल तर १९४६ ची कुनिट्झची पद्धत आहे. आरएनए शेवटी ०.५ मिलिग्रॅम प्रति मिली, पीएच ५ चं ॲसिटेट बफर, २५ अंश, ३०० नॅनोमीटरला शोषण कसं उतरतं ते क्युवेटमध्येच बघायचं. २६० ऐवजी ३०० का, तर इतक्या आरएनएला २६० वर यंत्र आंधळं होतं, आणि साखळी तुटताना आलेख लहान तरंगलांबीकडे सरकत असल्याने ३०० ला उतार मिळतो. फरक छोटा असतो, पण सलग दिसतो. गढूळ नमुन्यात मात्र ही पद्धत फसते. तुमचं एन्झाइम अजून अर्धशुद्ध आहे, तेव्हा आत्ता गाळाचीच पद्धत चालू ठेवा. कॉलमचे फ्रॅक्शन (शुद्धीकरणात वेगवेगळे निघालेले भाग) चाळायचे असतील तर आगरमध्ये आरएनए मिसळून प्लेट करा, छिद्रांत नमुने टाका आणि नंतर टोलुइडिन ब्लू ओता. जांभळ्या पार्श्वभूमीवर जिथे आरएनए खाल्लं गेलं तिथे फिकट वर्तुळ. पन्नास फ्रॅक्शन एका संध्याकाळी होतात.

मायकेलिस स्थिरांकावर येते. इथे मी गाइडच्या बाजूची. यीस्ट आरएनएवरून तुम्ही ‘आभासी’ स्थिरांक देऊ शकता, मिलिग्रॅम प्रति मिलीमध्ये, कुठल्या लॉटवर (उत्पादनाच्या खेपेवर) काढला ते लिहून. त्याला सरासरी रेणूभार लावून मोलर करू नका. कुठला रेणू? टी१ फक्त ग्वानोसिननंतर कापतं, ए सायटोसिन आणि युरॅसिलनंतर. एकाच पावडरमध्ये या दोघांसाठी कापण्याच्या जागांची संख्या वेगळी आहे आणि त्या जागा घडीत किती लपल्यात तेही वेगळं. खरा स्थिरांक हवा असेल तर ठरलेला छोटा सब्स्ट्रेट घ्या: डायन्यूक्लिओटाइड किंवा दोन टोकांना फ्लुओरोफोर (चमकणारा गट) आणि क्वेंचर (ती चमक दाबणारा गट) लावलेला, मध्ये एकच कापण्याजोगा बंध असलेला ऑलिगो, म्हणजे छोटी साखळी. तो महाग असतो, पण तुम्हाला तो थोडाच लागेल. कॉलम चालवणं, पीएच आणि तापमानाचे आलेख, साठवणीत एन्झाइम किती टिकतं ते बघणं, या सगळ्याला यीस्ट आरएनएच वापरा. तिथे तुम्ही एन्झाइमची त्याच्याशीच तुलना करताय. फक्त पीएचच्या आलेखात प्रत्येक पीएचचा वेगळा ब्लँक हवा. ८.५–९ च्या पुढे, त्यातही मॅग्नेशियम असेल तर, आरएनए स्वतःच तुटायला लागतं.

मी आज तुमच्या जागी असते तर या क्रमाने गेले असते: एकाच लॉटच्या जमतील तेवढ्या बाटल्या, सगळा माल एकत्र विरघळवून, धुवून, वाटून गोठवलेला, मग ईडीटीए, मग वेळेचा आलेख. आणि प्रत्येक दिवसाच्या प्रयोगात बाजारातल्या रायबोन्युक्लिएज ए च्या तीन-चार पातळ्या बाजूला चालवायच्या. लॉट बदलला की जुना आणि नवा दोन्ही एकाच दिवशी त्या पातळ्यांवर लावायचे, आणि जुन्याची शेवटची ट्यूब त्या दिवसासाठी राखून ठेवायची. माझ्याकडे एकदा ती ट्यूब उरली नव्हती, आणि आधीच्या सहा महिन्यांचे आकडे नंतरच्यांशी जोडता आलेच नाहीत. थीसिसमध्ये दोन वेगळे तक्ते द्यावे लागले.

ईडीटीएचं काय झालं ते कळवा. ॲक्टिव्हिटी गेली तर जस्त परत घालून ती येते का तेही बघून ठेवा, पुढचा सल्ला त्यावर बदलेल.